इंग्रजीची कानओळख

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या शिकलेल्या, त्यांना ते वाटीतून मिळते. आमच्यासारख्यांना वाघिणीजवळच जावे लागते. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे आम्ही ते बारा-तेरा वर्षे शिकलो, पेपरही सुटत गेले. तरीही प्राध्यापकांनी इंग्रजीतून साधा प्रश्न विचारला, की अर्धा वर्ग मान खाली घालतो. असे का व्हावे?

मला वाटते, आमचे इंग्रजी डोळ्यांनी शिकलेले आहे. कानांची त्याच्याशी ओळखच नाही. माझ्या आईला वाचता येत नाही, पण हरिपाठ तिला तोंडपाठ आहे. देवळात ऐकून ऐकून तो तिच्या जिभेवर बसला. इंग्रजी आमच्या कानांवर पडावे कोठे? एसटीत, की वांबोरीच्या कांदा मार्केटात?

गेल्या वर्षी एका मैत्रिणीने मोबाइलवर ‘माइंड युवर लँग्वेज’ ही जुनी मालिका दाखवली. 1977 ते 1979 या काळात ती इंग्लंडमध्ये टीव्हीवर गाजली होती. लंडनच्या रात्रशाळेत देशोदेशीची प्रौढ माणसे इंग्रजी शिकायला येतात, एवढीच गोष्ट. त्यात जर्मन, फ्रेंच, इटालियन आहेत, जपानी आहे, सरदारजी आहे आणि विणकाम करीत बसणारी आपल्याकडची जमीलाही आहे. भाकरी थापता थापता आईही पाहू लागली. शब्द कळत नव्हते, पण थोड्या वेळाने तिने विचारले, “या गोऱ्या लोकान्लाबी इंग्रजी येत नाही का गं?”

त्या प्रश्नाने माझ्या मनावरचे ओझे उतरले. इंग्रजी न येणे हा आपल्या शेतकरी घराचा उणेपणा आहे, असे मी धरून चालले होते. येथे तर जर्मन बाईही अडखळत होती! न येणे म्हणजे अजून न शिकणे, एवढेच.

या मालिकेत दोष आहेत. प्रत्येक देशाच्या माणसाला ती एका ठरावीक साच्यात घालते. त्यावर टीकाही झाली. शिवाय विद्यार्थ्यांचे इंग्रजी हसवण्यासाठी मुद्दाम मोडलेले आहे. म्हणून आम्ही मास्तर ब्राउन यांचीच वाक्ये उचलतो.

रेडिओने हे काम अधिक गंभीरपणे केले. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने 1959 साली ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले. सुमारे 1500 शब्द, छोटी वाक्ये आणि संथ वाचन, असा त्याचा नेम. हिशेब करून पाहा : रोज पाच शब्द घेतले, तर तीनशे दिवसांत हे भांडवल हाती येते. आपल्याकडे पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ने मराठी शाळांतील मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा रेडिओ कार्यक्रम तयार केला. अशा पाठांत निवेदक प्रश्न विचारून क्षणभर थांबतो आणि वर्गातली मुले मोठ्याने उत्तर देतात. रेडिओ ऐकणाऱ्याला थांबवता येत नसे, म्हणून करणाऱ्यांनीच गप्प राहण्याची जागा ठेवली. मोबाइल आपण थांबवू शकतो. पण थांबवून बोलतो का?

आता संध्याकाळी आमच्या ओट्यावर सातवीतली बहीण आणि शेजारची तीन मुले बसतात. जुन्या कार्यक्रमातले एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, प्रत्येकाने म्हणायचे, पुन्हा ऐकून ताडून पाहायचे. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य आपल्या घरातले नाव घालून बोलायचे. परवा बहिणीने आमच्या गाईला एका इंग्रजी वाक्यात बसवले. मुलांचे इंग्रजी सुधारले, असे मी म्हणणार नाही. काळ अजून चुकतात. आवाज मात्र मोठा झाला आहे.

प्राध्यापकांना एक विनंती आहे. ग्रंथालयात वाचायला जागा आहे, तशी ऐकायलाही असावी. आठवड्यातून एक तास पुरे. तो दुपारी ठेवावा; गावाकडच्या मुलींना संध्याकाळची एसटी चुकवून चालत नाही.

(द्वितीय वर्ष, कला)