पोर्तुगीज चर्चमध्ये पोर्तुगीज काय उरलंय?

दादर पश्चिमेला राहणारी माणसं 'पोर्तुगीज चर्च' हे नाव दिवसातून चारदा तरी घेतात. टॅक्सीवाल्याला सांगताना, कुणाला भेटायची जागा ठरवताना, बसमधून उतरताना. पोर्तुगीजांनी १६६१च्या तहात मुंबई इंग्रजांना हुंड्यात देऊन टाकली, त्याला साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. नाव मात्र चिकटून राहिलंय. आणि गंमत म्हणजे फाटकातून आत गेलात, तर पोर्तुगीज म्हणावं असं काहीच चटकन दिसत नाही. दिसतं ते काँक्रीट.

चर्चचं खरं नाव 'अवर लेडी ऑफ साल्व्हेशन'. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ते १५९६ साली उभारलं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या ३४ वर्षं आधी. आजची इमारत मात्र १९७०च्या दशकातली आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय आणि मुंबईतली 'कांचनजंगा' ही उंच इमारतही त्यांचीच.

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वांद्र्याच्या माऊंट मेरीसारखं काहीतरी येतं. दोन उंच मनोरे, टोकदार कमानी. इथे त्यातलं काही नाही. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा सोबतचा मित्र हळूच म्हणाला, "हे चर्च वाटतच नाही गं." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मग थोडा वेळ बसून राहिलो.

आत एकच मोठं सभागृह नाही. छप्पर असलेल्या जागा आणि आकाशाखालची अंगणं एकमेकांत गुंतलेली आहेत. बाप्तिस्मा, लोकांमध्ये घालवलेली वर्षं, मृत्यू आणि पुनरुत्थान हे ख्रिस्ताच्या आयुष्यातले टप्पे कोरियांनी जागांच्या क्रमात मांडलेत. डोक्यावर काँक्रीटचे मोठे, वर निमुळते होत जाणारे शेल आहेत. ते चिमणीसारखं काम करतात. गरम हवा वर चढून बाहेर पडते आणि अंगणातली थंड हवा आत ओढली जाते. वरून उजेड झिरपतो. तिथलं रंगीत काचकाम एम. एफ. हुसेन यांचं.

काळाचाही यात हात आहे. १९६२ ते १९६५ दरम्यान व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली. त्यानंतर जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हणू लागले, प्रार्थना लॅटिनमधून लोकांच्या भाषांमध्ये आल्या. लोक नुसते बघे राहिले नाहीत. मग लांबलचक, एकाच दिशेला तोंड केलेल्या इमारतीचा आग्रह तरी कशाला?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुनी सिस्टिम पाडून नवी लिहायची वेळ आमच्यावर दर दोन-तीन वर्षांनी येते. तेव्हा जुने स्क्रीन जसेच्या तसे उतरवून काढायचा मोह होतो, किंवा सगळंच फेकून द्यायचा. अवघड काम तिसरं असतं: लोक ही गोष्ट नेमकी कशासाठी वापरतात, हे शोधणं. कोरियांनी ते केलं. मुंबईच्या उकाड्यात शेकडो माणसं एकत्र बसणार, मिस्सा संपल्यावर लगेच घरी न जाता बोलत उभी राहणार. त्यांना वारा हवा, सावली हवी, रेंगाळायला जागा हवी. मनोरे गेले तरी चालतील, अंगण हवंच.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण घरातलं आहे. तिथून दहा मिनिटांवरची आमची चाळ पुनर्विकासाला चाललीय. बिल्डरने पाठवलेल्या पीडीएफमध्ये कार्पेट एरिया आहे, पार्किंग आहे, मॉड्युलर किचन आहे. चाळ पडणार याचं मला फारसं दुःख नाही. सामायिक संडास आणि दर पावसाळ्यात गळणारं छत यांच्यावर कविता करायला मला जमत नाही. पण आमची आजी दिवसातले सहा तास गॅलरीत बसते. भाजी तिथे निवडते, समोरच्या काकूंशी तिथूनच बोलते, कोणाचं पोर शाळेतून अजून आलं नाही हे तिला सगळ्यांत आधी कळतं. पीडीएफमध्ये या सहा तासांसाठी जागा कुठेच नाही. लिफ्टसमोर चार फ्लॅटची बंद दारं आहेत, बस्स.

बाबा म्हणतात, नवीन इमारतीत गॅलरी कोण देतं? खरंय, मागितल्याशिवाय कोणीच देत नाही. म्हणून रविवारच्या मीटिंगसाठी मी एक कागद तयार केलाय. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर आठ-दहा माणसं बसू शकतील अशी, एका बाजूने उघडी जागा. त्यासाठी प्रत्येक घराला थोडे चौरस फूट सोडावे लागतील. आमच्या घरापासून सुरुवात करा, असं खाली लिहिलंय. पहिली सही आजीची आहे.