हिवाळी मुक्काम

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपिरिअर सरोवराच्या पश्चिम टोकाला, डुलुथ नावाचे बंदर आहे. समुद्र तेथून हजारो किलोमीटर दूर. तरीही हजार फुटांहून लांब मालवाहू जहाजे तेथे येतात, खनिज भरतात आणि निघून जातात. जानेवारीच्या मध्यास या बंदराचे रूप पालटते. जी जहाजे एरवी भरण्यासाठी येत, ती आता थांबण्यासाठी येऊ लागतात. आणि ती येताना पाहायला, त्यांचे चित्रण करायला, शून्याखाली वीस अंशांच्या थंडीत माणसे धक्क्यावर उभी असतात.

अशाच एका जानेवारीत सांगलीचे एक वयोवृद्ध आडत व्यापारी त्या धक्क्यावर उभे होते. घरात आणि पेठेत सारे त्यांना आप्पा म्हणत. मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीची आडत केलेला हा माणूस थोरल्या मुलाकडे मिनिआपोलिसला हिवाळ्यापुरता आला होता. शनिवारी मुलगा म्हणाला, "आप्पा, अडीच तासांवर एक बंदर आहे. चला, मोठी जहाजे दाखवतो." सुनेने डब्यात धपाटे आणि दही दिले, थर्मासमध्ये चहा भरला, आणि दोघे निघाले.

सरोवरातून बंदरात शिरायला डुलुथला एक कालवा आहे, सुमारे तीनशे फूट रुंद. त्यावर लोखंडी पूल आहे. तो 1905 साली बांधला; पुढे 1930 च्या सुमारास त्याचा मधला भाग आख्खाच्या आख्खा वर उचलला जाईल अशी रचना केली गेली. जहाज जवळ आले की रस्त्यावरची वाहने थांबतात, घंटा वाजते आणि साऱ्या रस्त्यासकट तो भाग सरळ वर जातो. कालव्याच्या दोन्ही अंगांना लांब धक्के आहेत. जहाज तेथून इतके जवळून जाते की खलाशाने हात हलवला तर त्याचे हातमोजेही ओळखू यावेत.

त्या सकाळी सरोवरावरून वाफ उठत होती. पाण्यापेक्षा हवा फारच थंड झाली की असे होते. उकळत्या काहिलीवर यावी तशी पांढरी वाफ मैलोगणती पसरते. त्या वाफेतून प्रथम एक काळसर रेघ दिसली, मग रेघेला उंची आली, आणि मग बर्फाने मढलेले जहाज कालव्याच्या तोंडाशी आले. नाळेवर, कठड्यांवर, दोरखंडांवर हातभर बर्फ साचला होता. जहाजाने भोंगा दिला : तीन लांब, दोन आखूड. पुलाने तसाच जबाब दिला. आप्पांच्या छातीत तो आवाज घुमला.

त्यांच्या शेजारी एक गोरा गृहस्थ तिपाईवर कॅमेरा लावून उभा होता. वय आप्पांच्याच आसपासचे. जहाज नाळेपासून सुकाणूपर्यंत पूर्ण निघून जाईपर्यंत तो हलला नाही. मग त्याने खिशातून छोटी वही काढली, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि पेन्सिलने काहीतरी लिहिले. वही दिसताच आप्पांचे कुतूहल जागे झाले. मुलाला मध्ये घालून त्यांनी संभाषण सुरू केले.

गृहस्थ निवृत्त रेल्वे कामगार होता. खाणीतून खनिज गोदीपर्यंत आणणाऱ्या गाड्यांवर त्याची हयात गेली होती. त्याने सांगितलेला व्यवहार आप्पांना लगेच समजला, कारण तो मुळात हंगामाचा व्यवहार होता. मिनेसोटाच्या मेसाबी डोंगररांगेत लोखंडाचे खनिज निघते. ते दळून, त्याच्या गोट्यांएवढ्या गोळ्या भाजून, जहाजांत ओततात. मोठ्या जहाजात एका वेळी साठ हजार टनांच्या वर माल मावतो. जहाजे तो खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांना पोचवतात. मात्र वाटेत सू नावाच्या गावी सुपिरिअरचे पाणी पुढच्या पाण्यापेक्षा सुमारे एकवीस फूट उंच आहे. तेथे जहाजांना पाण्याच्या बंदिस्त हौदात घेऊन, दारे लावून, पाणी कमी-अधिक करून उतरवतात वा चढवतात. मोठ्यात मोठी जहाजे ज्यात मावतात तो हौद बाराशे फूट लांब आहे. सहसा 15 जानेवारीच्या मध्यरात्री हे हौद बंद होतात आणि 25 मार्चला उघडतात. या मधल्या काळात हौदांची दारे, झडपा, भिंती यांची दुरुस्ती चालते. वाटच बंद, म्हणून जहाजेही बंद.

"म्हणजे दहा आठवडे एवढे भांडवल पडून?" आप्पांनी विचारले. "व्याज तर चालूच असणार."

मुलाने भाषांतर केले. गृहस्थ हसला. पडून राहत नाही, तो म्हणाला, मुक्कामाला येते. आणि त्याने बोटे मोडत कामे सांगितली. जहाज धक्क्याला लागले की प्रथम पोटातले तोलाचे पाणी काढून टाकायचे. नळांमधला थेंबन्‌थेंब उतरवायचा, नाहीतर गोठून नळ फुटतात. किनाऱ्यावरून वीज घ्यायची. खलाशी घरी जातात, एखादा राखणदार उरतो. मग फिटर आणि वेल्डर चढतात. वर्षभर ज्यांना हात लावायला सवड नव्हती ती इंजिने खोलायची, झिजलेले पत्रे कापून नवे बसवायचे, माल उतरवणारे पट्टे बदलायचे. दर पाच वर्षांनी जहाज कोरड्या गोदीत घेऊन त्याचा तळ तपासायचा. या सरोवरांचे पाणी गोडे आहे, खाऱ्या पाण्याइतके लोखंड खात नाही. त्यात ही दरसालची निगा. म्हणून खाऱ्या पाण्यावरची जहाजे पंचवीस-तीस वर्षांत भंगारात जातात, तेव्हा येथे साठ-सत्तर वर्षांचे जहाजही कामावर दिसते.

आप्पांनी मान डोलावली. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे त्यांना आठवली असावीत. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. तोंड बंद केले म्हणजे माल विसरला असे नव्हते. कोणाचा किती माल, कधी भरला, याची नोंद असे, आणि भाव आला की पेव उघडत असे. 2005 च्या महापुरात त्यांतील अनेक पेवे गेली.

मग आप्पांनी मनातला खरा प्रश्न विचारला. जहाज निघताना चित्रण करावे, हे समजते. मार्चमध्ये बर्फ फोडून पहिले जहाज निघते, तेव्हा सारा गाव जमत असेल. पण जे थांबायला येत आहे, ज्यात मालही नाही, त्याचे चित्रण या थंडीत कशासाठी?

गृहस्थाने लगेच उत्तर दिले नाही. त्याने कॅमेरा काढून एका जाड पिशवीत घातला आणि पिशवीचे तोंड घट्ट बंद केले. थंड कॅमेरा एकदम उबेत नेला तर आतल्या भिंगांवर दव साचते. विजेरी त्याने कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवली. मग तो म्हणाला, हिशेब मिटवायचा असतो म्हणून. वसंतात जेवढी गेली, तेवढी हिवाळ्यात आली का?

आणि त्याने 1975 ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी 9 नोव्हेंबरला, समोरच्याच सुपिरिअर गावच्या गोदीतून, 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे जहाज सुमारे सव्वीस हजार टन खनिज घेऊन निघाले. हंगामाचे शेवटचे आठवडे. 10 तारखेच्या रात्री वादळात ते सरोवरात बुडाले. त्यावर एकोणतीस माणसे होती. एकही परतला नाही. काही मैल मागून 'आर्थर एम. अँडरसन' हे जहाज येत होते. त्यानेच पुढचे जहाज दिसेनासे झाल्याचे कळवले. आसऱ्याच्या खाडीत सुखरूप पोचल्यावरही ते शोधासाठी त्याच वादळात पुन्हा बाहेर पडले. तेव्हापासून या किनाऱ्यावर जहाज परत येणे ही कोणी गृहीत धरण्याची गोष्ट राहिली नाही.

हे 'अँडरसन' 1952 साली पाण्यात उतरलेले. 2017 च्या जानेवारीत ते डुलुथला मुक्कामाला आले आणि मार्च आला तरी निघाले नाही. तो हंगाम गेला, पुढचा गेला. लोक म्हणू लागले, संपले. पण मालकांनी ते दुरुस्तीला घेतले आणि 2019 च्या जुलैत ते पुन्हा या कालव्यातून बाहेर पडले. त्या दिवसाचे चित्रण गृहस्थाजवळ होते. आल्या दिवसाचेही होते.

"आणि एक माझ्याजवळ नाही," तो म्हणाला. 'एडवर्ड एल. रायरसन' नावाचे जहाज. 1960 सालचे, या सरोवरांतले सर्वांत देखणे, असे पुष्कळ जण मानतात. पण त्याला स्वतःचा माल स्वतः उतरवण्याची यंत्रणा नाही. किनाऱ्यावरच्या याऱ्यांवर अवलंबून. नव्या जहाजांपुढे ते परवडेना. 2009 साली मंदीत ते सुपिरिअरला बांधले गेले. तो घरीच होता. कॅमेराही तयार होता. पण त्याला वाटले, आज ना उद्या निघेलच, निघताना घेऊ. मग वर्षामागून वर्षे गेली, आणि जहाज तेथेच राहिले. "ते बंद झाले असे कोणी कधी सांगितले नाही," तो म्हणाला. "चालू होणार असेही नाही. तेव्हापासून येणारे एकही जहाज मी सोडत नाही."

त्याने वही उघडून दाखवली. प्रत्येक पानावर उभी रेघ. डावीकडे जहाजाचे नाव, आल्याची तारीख, वेळ, वारा, थंडी. उजवीकडे निघाल्याची तारीख. त्या दिवशीच्या नोंदीसमोरची उजवी बाजू कोरी होती. ती मार्चमध्ये भरायची. आप्पांनी हातमोजा काढून ते पान बोटाने चाचपले. जमा आणि नावे, ते मुलाला म्हणाले, भाषा न येताही वाचता येते.

परतीच्या वाटेवर आप्पा फारसे बोलले नाहीत. सांगलीतील त्यांचे दुकान दोन वर्षांपासून कुलपात होते. धाकट्या मुलाने सिमेंटची एजन्सी घेतली, ती चांगली चालली; आडतीत त्याचे मन नव्हते. ते त्याने आप्पांना स्पष्ट सांगितलेही होते. पण दुकान बंद केले, असे आप्पांनी कोणाला म्हटले नव्हते. बाजार समितीचा परवाना ते दरवर्षी नूतन करत, विजेचे बिल भरत, आणि कोणी विचारले की "पुढच्या हंगामात बघू" म्हणत. गादीवर जुन्याच चादरी होत्या. तीस वर्षे हिशेब लिहिलेले दिवाणजी त्या 'पुढच्या हंगामा'ची वाट पाहून अखेर दुसऱ्याच्या दुकानात रोजावर लिहीत होते. त्यांना आप्पांनी जा म्हटले नव्हते, आणि ये असेही म्हटले नव्हते. गोदामाच्या कौलांतून पावसाळ्यात पाणी येत होते. बंद दुकानाला कशाला खर्च, म्हणून कौले बदलली नव्हती.

थांबवणे वेगळे आणि पडून राहणे वेगळे. बाहेरून पाहिले तर दोन्हींत चाके थांबलेली दिसतात. एकात निघण्याची तारीख ठरलेली असते आणि त्या तारखेसाठी आत हातोडे चालू असतात. दुसऱ्यात तारीख नसते, म्हणून कामही नसते. गंज तेवढा वेळेवर येतो. व्यापाऱ्याच्या घरात हे दुसरे पडून राहणे फार सोज्वळ रूप घेऊन येते. त्याला कधी वाडवडिलांचा मान म्हणतात, कधी योग्य वेळेची वाट. तोट्याची नोंद वहीत घातली नाही, म्हणून तोटा झाला नाही असे होत नाही. आणि त्या तोट्यात आपल्या पैशाइतकीच दुसऱ्या कोणाची तरी वर्षे असतात.

त्या रात्री साडेआठला आप्पांनी सांगलीला फोन लावला. तेथे सकाळचे आठ वाजले होते. धाकट्याने प्रथम प्रकृतीच विचारली.

"मी बरा आहे. ऐक. दिवाणजींना आज घरी बोलाव. दुकान त्यांना चालवायला घ्यायचे आहे का, ते विचार. पहिल्या वर्षी भांडवल आपले, कष्ट त्यांचे, नफा निम्मा. गोदामाची कौले आधी आपल्या खर्चाने बदलून द्यायची."

"आणि नको म्हणाले तर?"

"तर परवाना परत कर आणि गाळा सोडून दे. पण पंचवीस मार्चच्या आत. त्यापुढे नाही."

"पंचवीसच का, आप्पा?"

आप्पांनी क्षणभर विचार केला. "तारीख असावी लागते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला. दिवाणजी संध्याकाळी येऊन गेले होते. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत, चहाही निवला. मग त्यांनी एकच चौकशी केली. नवी हळद यार्डात येऊ लागली आहे. दुकानातल्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का मारून घ्यायला किती दिवस लागतील?