उन्हं चढण्याआधी

लेहला विमानाने जायचं तर पहाटेची झोप मोडावीच लागते. दिल्लीहून निघालेली विमानं सकाळी तिथे टेकतात, माणसं उतरवतात, दुसरी घेतात आणि घाईघाईने परततात. दुपारी डोंगरांतून वारे सुटतात, हे या घाईचं एक कारण. मला नवल वाटतं ते दुसऱ्या कारणाचं: उन्हाचं.

धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचावर. समुद्रकाठी घनमीटरभर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास असतं. इथे ते गारठ्यातही किलोभर होत नाही. विमानाचा पंख हवेला खाली रेटतो, म्हणून विमान वर उचललं जातं. रेटायला हवाच कमी, तर वेग वाढवायला हवा. पण तो वेग देणारं इंजिनही त्याच विरळ हवेवर जगतं! त्यात ऊन तापलं की उरलीसुरली हवा आणखी फाकते, आणि पुरेशी वाटणारी धावपट्टी अपुरी पडू लागते.

मुंबईत जूनच्या चिकचिकाटात आपण म्हणतो, हवा जड झालीय. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. दमट हवा पंखांना किंचित कमीच आधार देते. या खटल्यात आपल्या घामाची साक्ष ग्राह्य नाही.

२०२४च्या जुलैअखेरीस लेहचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला आणि काही दिवस विमानं रद्द होत राहिली. वादळामुळे, धुक्यामुळे उड्डाण रद्द झालं तर माणूस समजून घेतो. चांगलं लख्ख ऊन असताना विमान उडत नाही, हे कुणाला पटवायचं? अमेरिकेत फिनिक्सला जून २०१७मध्ये लहान जेट विमानं अशीच जमिनीवर अडकली होती. त्यांची मर्यादाच सुमारे ४८ अंशांची होती.

उकाड्यातच उडायचं तर उपाय एकच, वजन कमी करणं. पारा चढला की आधी माल उतरवायचा, मग बॅगा, तरी जमेना तर माणसं. अंशांचा हिशेब असा किलोंत चुकता होतो.

मे १९४८मध्ये हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी लष्कराच्या जनरल थिमय्यांना घेऊन लेहला पहिल्यांदा डाकोटा विमान उतरवलं. सोनम नोर्बू या अभियंत्याने तिथे कच्ची धावपट्टी करून घेतली होती. त्या उतरण्याचं कौतुक सगळेच करतात, करावंच. मी मात्र विचार करत राहतो तो तिथून पुन्हा उडण्याचा.