भुकेचा खेळ

खेळ हा पोट भरल्यानंतरचा उद्योग, अशी माझ्या पिढीची समजूत. त्यामुळे ज्यात भूक, तहान आणि थंडी हेच प्रतिपक्षी आहेत, असा संगणकावरील खेळ एका विद्यार्थ्याने दाखविला तेव्हा मला मोठी मौज वाटली. ‘द लाँग डार्क’ हे त्याचे नाव. २०१७ साली तो अधिकृतपणे बाहेर आला. कॅनडातील बर्फात काड्यापेटीतल्या काड्या मोजीत दिवस काढावयाचे. मेलात की सारा डाव पुसला जातो! त्यात रचलेली कथा निराळी ठेवली आहे आणि नुसते जगून राहणे निराळे. ही फारकत मला बोलकी वाटते.

या विद्यार्थ्याने वरुडच्या संत्रा-बागाइतदारावर असाच खेळ रचावयास घेतला. आटती विहीर, कोळशी, डिंक्या, फळगळ, व्यापाऱ्याचा भाव, काही म्हणता काही सुटले नव्हते. ‘खोटं काही घालाचं नाही, सर,’ हा त्याचा बाणा. दोघातिघांनी खेळून पाहिला आणि दुसऱ्या बहाराआधीच सोडला. त्यातला एक तर म्हणाला, ‘हे त आमच्या घरी रोजचंच हाय.’

१९७१ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डॉन रॉविच या उमेदवार शिक्षकाने दोन सोबत्यांसह इतिहासाच्या तासासाठी ‘द ऑरेगन ट्रेल’ हा खेळ केला. पुढे जुन्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचून त्याने संकटांचे प्रमाणही त्यांच्या बेताने बसविले. तथापि मुले त्यात रमली ती प्रमाणासाठी नव्हेत. मोजके पैसे बैलांवर खर्चावे की धान्यावर, हे ठरविणे त्यांच्या हाती होते म्हणून, असे मला वाटते.

आमच्याकडे मृग बहार धरावयाचा तर उन्हाळ्यात झाडाला ताण देतात. पाणी तोडले की पाने पिवळी पडून गळू लागतात आणि पुढे पाणी मिळताच झाड फुलावर येते. भारी काळ्या जमिनीत ताणाचे दिवस अधिक, हलक्या जमिनीत थोडे. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते. अधिक झाला तर झाडच जाते. खेळणाऱ्यालाही ताण द्यावा तो असा, जमीन पाहून.

हे त्याला पटले, पण अर्धेच. ‘ज्याची बाग खरंच वाळली, त्याला जिंकवून दाखवाचं का?’ या प्रश्नापुढे माझे इंग्रजी वाङ्मय थोडे गप्प झाले. जिंकवू नये, पण हरण्याआधी त्याला काहीतरी निवडू द्यावे, इतकेच मी म्हणालो. अरिष्टांची नुसती रांग लावली म्हणजे कथा होत नाही. आणि म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी लांबलचक भाषणे घातल्याने तर मुळीच नाही.

आता त्याच्या खेळात एके ठिकाणी टँकरचे पाणी अर्ध्याच झाडांना पुरते. एका बाजूस वडिलांनी लावलेली जुनी झाडे, दुसरीकडे अजून फळ न धरलेली कलमे. मी जुनी राखतो, तो नवी. त्यावरून आमचा वाद अजून चालू आहे.