आधी कोण, मग काय

5 मार्च 2025, बुधवार. नगर

भस्म बुधवारची उपासना आटोपून बाहेर पडत होते, तोच पाळकसाहेबांनी व्हरांड्यात गाठले. यंदा दृढीकरणाचा वर्ग मी घ्यावा म्हणाले. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला मंडळीत निवृत्ती नसते. हो म्हटले, पण एक अट घातली. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि मतांगीकार मुलांकडून घरच्यांनी पाठ करून घ्यावेत. रविवारच्या तासाला मी पौलाचे इफिसकरांस पत्र घेणार.

ख्रिस्ती म्हणजे कोण, हे मुलांना शिकवताना आमची सुरुवात हमखास ‘करू नये’पासून होते. दारू पिऊ नये, खोटे बोलू नये, उपासना बुडवू नये. पोराची समजूत होते की हे सगळे पाळले तर आपण देवाचे, नाहीतर नाही. इफिसकरांस पत्राचा क्रम उलटा आहे. सहा अध्यायांपैकी पहिले तीन, वाचणारे कोण आहेत एवढेच सांगण्यात जातात. त्या तिनांत आज्ञा म्हणावी अशी एकच, आणि तीही आठवण ठेवण्याची. पूर्वी तुम्ही बाहेरचे होता, हे विसरू नका. वागावे कसे, हा विषय चौथ्या अध्यायात निघतो. मुलांच्या डोक्यात हा क्रम बसला तरी वर्ग सार्थकी लागला म्हणेन.

9 मार्च, रविवार

पहिला तास. सगळ्यांना कोरे कागद दिले आणि वर ‘मी कोण?’ असे लिहायला सांगितले. नाव, शाळा, इयत्ता सगळ्यांनीच लिहिले. पुढे मात्र गंमत. एकीने ‘मोठी बहीण’ लिहिले, एकाने ‘ऑलराउंडर’. एका मुलाने अभिमानाने लिहिले होते, ‘चौथ्या पिढीतला ख्रिस्ती.’ पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते म्हणे.

मग फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडला. तिथे पौलानेही असाच कागद भरला आहे. आठव्या दिवशी सुंता, इस्राएलाचा वंश, बेन्यामीनाचे कूळ, परूशी पंथ, नियमशास्त्राच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही. चार पिढ्या वगैरे त्याच्यापुढे काहीच नव्हे. एवढे सगळे तो जमेच्या बाजूला मांडतो आणि दुसऱ्याच दमात ख्रिस्तापायी खर्ची टाकतो. नुसते खर्ची नाही, केरकचरा म्हणतो.

आमच्याकडची प्रवचने साधारण इथेच थांबतात. मला थांबावेसे वाटले नाही, कारण हाच पौल प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात फटके मारण्यासाठी बांधला जात असताना शताधिपतीला विचारतो, रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणे तुमच्या कायद्यात बसते का? सरदार धावत येतो. त्याने हे नागरिकत्व पुष्कळ पैसे मोजून घेतलेले. पौल जन्मानेच नागरिक. त्याआधी खुद्द फिलिप्पै शहरातही हेच झाले होते. आदल्या दिवशी छड्या मारून तुरुंगात टाकले, सकाळी गुपचूप सोडू लागले, तर पौल हलायला तयार नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे म्हणाला. आणि याच फिलिप्पैच्या लोकांना तो लिहितो की आपले नागरिकत्व स्वर्गातले आहे. फिलिप्पै रोमची वसाहत होती. तिथल्या माणसांना नागरिकत्वाची किंमत समजावून सांगावी लागत नसणार.

म्हणजे बेन्यामीनी, इब्री, रोमन यातले काहीही पौलाच्या अंगावरून पुसले गेले नाही. देवापुढे उभे राहताना त्यातल्या कशाचाही दाखला त्याला लागत नाही, एवढाच फरक. पण हा ‘एवढाच’ पचवायला जन्म जातो.

चौथ्या पिढीवाला जरा हिरमुसला. त्याला म्हटले, पणजोबांबद्दल लिहून आण. ते वाया जात नाही.

16 मार्च, रविवार

इफिसकरांस, अध्याय पहिला. तिसऱ्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. पौलाला श्वास घ्यायलाही सवड नाही. निवडलेले, दत्तक घेतलेले, खंडणी भरून सोडवलेले, क्षमा झालेले, वारस ठरलेले, आत्म्याची मोहोर लागलेले. यांतले एकही माणसाने स्वतः केलेले नाही. सगळे त्याच्या बाबतीत केले गेले आहे.

‘दत्तक’पाशी मुले अडकली. त्यांच्या डोळ्यांसमोर अनाथाश्रमातले तान्हे मूल येते. रोममध्ये दत्तक बहुधा मोठ्या माणसाला घेत, घराणे आणि वारसा पुढे चालावा म्हणून. ज्यूलियस सीझरच्या मृत्युपत्राने त्याच्या बहिणीचा नातू ऑक्टेव्हियन दत्तक गेला आणि पुढे ऑगस्टस झाला. ऑगस्टसने टायबेरियसला घेतले. येशूच्या जन्माच्या वेळचा सम्राट आणि त्याला वधस्तंभी दिले तेव्हाचा सम्राट, दोघेही दत्तक.

वारसा म्हटल्यावर नगरच्या पोरांना इतिहासाचे पुस्तक आठवले, हे बरे झाले. 1848 साली डलहौसीने सातारचे दत्तकविधान नामंजूर करून राज्य खालसा केले. 1854 मध्ये झाशीचीही तीच गत. दत्तक घेणाऱ्याची इच्छा होती, विधी झाला होता, तरी वर बसलेल्याने नाही म्हटले की संपले. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मात्र दत्तक घेणाराच सर्वांत वर बसलेला आहे. त्याच्यावर कोणी डलहौसी नाही. एक मुलगी लगेच म्हणाली, “म्हणजे बाई, खालसा होऊ शकत नाही!” इतक्या लवकर तिने ते पकडले की पुढे काय बोलावे मला सुचेना.

त्याच पहिल्या अध्यायातला ‘विसार’, म्हणजे सौदा पक्का करताना आगाऊ दिलेली रक्कम, मात्र शहरातल्या मुलांना समजावून सांगावा लागला. खेड्यातून आलेल्या एकाने, वडिलांनी बैलजोडीला दिलेल्या विसाराची गोष्ट सांगून माझे काम हलके केले.

19 मार्च, बुधवार

एका पालकबाईंनी फोनवर छानशी चित्रे पाठवली आहेत. सूर्योदय, त्यावर ‘मी निवडलेला आहे’, ‘मी विजयी आहे’, ‘मी अनमोल आहे’. रोज सकाळी आरशापुढे उभे राहून म्हणायची. बाई मनाने चांगल्या. पण माझ्या मनाला ते पटत नाही. ही पत्रे कोणी एकट्याने आरशापुढे वाचली नव्हती. जमलेल्या मंडळीत ती मोठ्याने वाचली जात. कलस्सैकरांना तर पौल सांगतो की तुमचे वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीत पाठवा आणि तिकडचे तुम्ही वाचा. ऐकणाऱ्याच्या उजवीकडे गुलाम बसलेला, डावीकडे त्याचा धनी. निवडलेले कोण, तर दोघे, आणि एकत्र. आरशात एकटाच दिसतो.

30 मार्च, रविवार. गुढीपाडवा

सकाळी शेजारच्या काकूंनी श्रीखंड पाठवले. वर्गात गुढीचा प्रश्न येणार हे ठाऊक होतेच. एकाची आजी म्हणते ख्रिस्ती घराला गुढी नको. आई म्हणते मराठी माणसाचे नवे वर्ष आहे. “बाई, तुम्ही काय म्हणता?”

मी प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय काढला. अंत्युखियात वाद पेटला होता की यहूदी नसलेल्याने ख्रिस्ताचे व्हायचे तर आधी सुंता करून यहूदी व्हावे का. यरुशलेमेत बैठक बसली आणि निर्णय झाला की नाही, तो भार घालू नये. ग्रीक माणूस ग्रीक राहूनच ख्रिस्ताचा होऊ शकला, तर मराठी माणसाला आधी अमेरिकन व्हायची गरज कुठून आली? आमच्या पणजोबांच्या पिढीत ते पुष्कळ झाले. नावे बदलली, टाय आले, टाळ-मृदंग घराबाहेर गेले.

नारायण वामन टिळकांना हे फार बोचले. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणस्थ कवी इथे नगरात अमेरिकन मिशनबरोबर वर्षानुवर्षे राबला. कीर्तन, अभंग, ओवी त्याने मंडळीत आणली, आणि 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा, पण शिवाशिव मनातून त्याआधीच सुटली होती. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ते सगळे त्यांनी हसत हसत लिहून ठेवले आहे. मुलांना म्हटले, अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून टाळू नका, वाचा.

गुढीचा निकाल मी दिला नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात, कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, यावर पौल निकाल देत नाही. ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी म्हणतो. मात्र एकमेकांना तुच्छ लेखायला त्याची सक्त मनाई आहे. हे आजी आणि आई दोघींना सांग म्हटले.

5 एप्रिल, शनिवार

पंडिता रमाबाई 1922 साली याच दिवशी गेल्या. बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेज इथे. तिथल्या सिस्टरांशी त्यांचा पत्रांतून जो झगडा चालला, तो मला प्रवचनांपेक्षा अधिक शिकवतो. कोणी अधिकारी सांगतो म्हणून मत स्वीकारणार नाही, स्वतः शास्त्र वाचून ठरवीन, हा त्यांचा हट्ट. शाकाहारही सोडला नाही. आणि 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. एवढी विदुषी आणि असे छापून मोकळी होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर 1924 मध्ये, त्यांच्या मागे, बाहेर पडले. निराधार म्हणून आलेल्या बायकांचे हात त्याच्या छपाईला लागले होते.

दृढीकरणाच्या दिवशी मुले ‘होय’ म्हणतील. ते ‘होय’ मनात रुजायला रमाबाईंइतकी वर्षे लागली तरी घाबरू नका, हे त्यांना सांगायला हवे.

14 एप्रिल, सोमवार

आज बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. सकाळपासून निळे झेंडे, मिरवणुकीची तयारी. काल झावळ्यांच्या रविवारी वर्गात जे झाले ते लिहून ठेवते.

गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय चालू होता. ख्रिस्तात यहूदी-ग्रीक, गुलाम-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद राहत नाही. सावेडीकडून येणारा एक शांत मुलगा उठला. “बाई, सरकारही हेच म्हणते ना? ख्रिस्ती धर्मात भेद नाही, म्हणून ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दाखला नाही. मग हे पत्र आपल्याविरुद्धच वापरले की.”

घरी वडिलांचे बोलणे ऐकलेले असणार. पण मुद्दा खरा. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश बहुतांशी हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. 2022 मध्ये त्यावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला.

मी त्याला सांगितले ते असे. पौलाने खानेसुमारी लिहिलेली नाही. मंडळी देवाच्या दृष्टीने काय आहे हे त्याने लिहिले. मंडळीत प्रत्यक्ष काय चालते हे पाहायला दुसरीकडे जावे लागते. त्यासाठी लांब जायला नको, आमच्या लग्नाच्या बैठकीला बसावे. प्रार्थना झाल्यावर चहा येण्याच्या आत ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न येतो आणि तो गावासाठी नसतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना चारशे वर्षांनंतरही बामण आणि चारडो या जाती सोयरीक जमवताना आठवतात. बाबासाहेबांनी हे पाहिले होते. त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर जे आहे, ते प्रत्येक पाळकाने वाचावे असे मला वाटते. झोंबते. मंडळीने जात मोडली नाही, हा त्यांचा आक्षेप आम्ही अजून खोडलेला नाही. तेव्हा दाखल्याची मागणी करताना मान खाली घालायचे कारण नाही, पौलानेही रोमन नागरिकत्वाचा हक्क मागून घेतलाच. आणि मंडळीला जाब विचारताना तर मुळीच नाही.

मग फिलेमोनाला लिहिलेले इवलेसे पत्र वाचले. धन्याकडून निघून आलेला गुलाम, अनेसिम, पौल त्याला परत पाठवतो. गुलामगिरी रद्द कर असे पौल स्पष्ट का लिहीत नाही, हे मला आजही टोचते, आणि ते मी मुलांपासून लपवले नाही. पण जे मागितले तेही हलके नाही. त्याला प्रिय बंधू म्हणून घे, मला घेशील तसे घे, त्याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड. हे पत्र फिलेमोनाच्या घरात भरणाऱ्या मंडळीच्या नावेही आहे. म्हणजे धन्याला ते एकट्याने वाचून घडी करून ठेवण्याची सोय नव्हती.

मुलगा बसला. समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. तासानंतर त्याने पाचवा खंड कुठे मिळेल ते विचारले.

20 एप्रिल, रविवार. पुनरुत्थान दिन

बिशपसाहेब आले होते. डोक्यावर हात ठेवणे, प्रार्थना, सगळे नीट पार पडले. ऑलराउंडरचे बूट करकरत होते. जेवणावळीत मटण कमी पडले आणि त्यावरून नेहमीची बोलणी झाली.

27 एप्रिल, रविवार

दृढीकरण झाले की मुले वर्गाकडे फिरकत नाहीत, हा आजवरचा रिवाज. आज पाच जण आले, पैकी सावेडीचा एक. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला. लबाडी सोडा, रागावर सूर्य मावळू देऊ नका, चोराने चोरी सोडून हातांनी काम करावे, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्यापाशी काही राहील.

“चोर?” मोठ्या बहिणीने पान उलटून पहिला अध्याय काढला. “पण बाई, इथे तर पौलाने यांनाच पवित्र जन म्हटलेय.”

“हो.”

“चोरी सुटायच्या आधीच?”

“क्रम पाहा. पवित्र जन पहिल्या अध्यायात, चोरी चौथ्यात.”

यावर त्यांच्यात वाद सुरू झाला तो तास संपला तरी चालू होता. पवित्र जन म्हटल्यावर चोर निवांत होईल की लाजेल, हा मुद्दा. ऑलराउंडर निवांत होईल या बाजूला, सावेडीचा लाजेल या बाजूला, आणि दोघेही माझ्याकडे पाहायला तयार नव्हते. पाचवा अध्याय पुढच्या रविवारी.