न दिसलेले दुःख

रायपूर आणि भिलाई यांच्या मध्ये, मुंबई-हावडा लोहमार्गावर कुम्हारी हे गाव आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या अनेक भागांतून माणसे या परिसरात आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांपैकीच एका घरातील आजी २००२ साली सुरू झालेली ‘संजीवनी’ ही हिंदी मालिका न चुकता पाहत असत.

रुग्णालयातील जीवन दाखवणारी ही मालिका २००५ पर्यंत चालली. मोहनीश बहल, गुरदीप कोहली, इरावती हर्षे हे कलावंत तिच्यात डॉक्टरांच्या भूमिका करीत. आजींना शस्त्रक्रियांचे फारसे कुतूहल नव्हते. रुग्णांना धीर देणारे हे डॉक्टर स्वतःचे दुःख मात्र कोणापाशी उघड करू शकत नाहीत, याचीच त्यांना हुरहुर लागे. एखादे पात्र कोणाला तोडून बोलले, तरी आजी त्याचीच बाजू घेत. “मनाला किती लागलं असेल त्याच्या!” असे म्हणत त्या पदराने डोळे टिपत.

पडद्यावरचे दुःख खोटे आहे, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण कलेतील दुःख एका पात्रापुरते उरत नाही. संस्कृत काव्यशास्त्रात भट्टनायकाने यालाच ‘साधारणीकरण’ म्हटले आहे. ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ असा भेद तेथे गळून पडतो आणि पाहणाऱ्याचे मन त्या भावनेशी एकरूप होते.

आजींची सून भिलाईतील एका रुग्णालयात परिचारिका होती. संध्याकाळी ती घरी येई, हातपाय धुई आणि न बोलता आतल्या खोलीत जाई. कधी कोणी काही विचारले, तर तुटक उत्तर देई. आजींना ते खटके. एकदा मालिका चालू असतानाच ती आली. आजी म्हणाल्या, “घरात माणसं आहेत, दोन शब्द तरी बोलावेत!”

सून दारातच थांबली. “आई, आज आमच्या वॉर्डात एक लहान मूल गेलं. दुपारपर्यंत माझं बोट धरून होतं,” एवढेच म्हणून ती आत गेली.

पडद्यावर मालिका चालूच होती. पण आजींचे लक्ष बंद दाराकडे लागले होते.

मालिकेतील पात्राने दार लावून घेतले, तरी कॅमेरा त्याच्या मागोमाग आत जातो. त्याचे अश्रू दिसतात, म्हणून त्याचा राग क्षम्य वाटतो. घरातील माणसाच्या बाबतीत ही सोय नसते. तेथे तुटक शब्द ऐकू येतात, अबोला दिसतो. त्यांच्या मागचे कारण मात्र दाराआड राहते. मग ज्या वागण्याला पडद्यावर दुःख म्हटले जाते, त्यालाच घरात तुसडेपणा म्हटले जाते.

‘संजीवनी’त डॉक्टरची भूमिका साकारणाऱ्या इरावती हर्षे यांनीच पुढे २०१६ च्या ‘कासव’ या मराठी चित्रपटात जानकीची भूमिका केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नैराश्याचा अनुभव घेतलेली जानकी जगण्याला विटलेल्या एका अनोळखी तरुणाला आसरा देते. ती त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करीत नाही. त्याला आपल्या गतीने सावरू देते. कासव भीतीने अंग आत ओढून घेते, तेव्हा त्याच्या पाठीवर टकटक करून ते बाहेर येत नसते.

आजींनी हे आपल्या परीने जाणले. त्या दिवसानंतर सून आली की त्या चहा ठेवीत आणि काही न विचारता तिच्याजवळ बसत. कधी सून बोले, कधी चहा संपवून तशीच उठे. पूर्वी त्या मौनाचा त्यांना राग येई. आता येत नसे.

पात्राबद्दल कणव वाटण्यासाठी त्याची कथा आधी कळावी लागते. घरातील माणसाच्या बाबतीत मात्र कथा कळण्यापूर्वीच ती कणव दाखवावी लागते. आजी मालिका पुढेही पाहत राहिल्या. फक्त दाराची कडी वाजली की आवाज कमी करीत.