कापसाचे शहर, मजुरांचे शहर

मँचेस्टरविषयी महाराष्ट्रीय मनात जुनी अढी आहे आणि ती निष्कारण नाही. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी सरकारदरबारी रेटा लावल्यामुळे १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला, आणि १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. परंतु तांबड्या विटांच्या या शहरातून हिंडताना मला पदोपदी जाणवत गेले की, कापसाचा सौदा करणारे मँचेस्टर निराळे आणि तो कातणारे, विणणारे मँचेस्टर निराळे.

सौद्याचे मँचेस्टर पाहावयाचे तर रॉयल एक्स्चेंजमध्ये जावे. तेथील व्यवहार १९६८ साली बंद पडला. आज त्या घुमटांखाली नाटके होतात, आणि रंगमंदिराचा पोलाद-काचेचा सांगाडा जमिनीला पेलवणार नाही म्हणून प्रचंड खांबांना टांगलेला आहे. मान वर करावी तो उंचावरील फलकावर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच.

तेथून थोड्या अंतरावर सेंट पीटर्सचे मैदान होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागण्यासाठी जमलेल्या सुमारे ६०,००० निःशस्त्र स्त्रीपुरुषांवर तेथे घोडदळ घालण्यात आले व १८ जण प्राणांस मुकले. त्याच जागी पुढे फ्री ट्रेड हॉल उभा राहिला, आणि ३१ डिसेंबर १८६२ रोजी तेथे जी सभा भरली तिच्यासाठी हे शहर मला प्रिय आहे. अमेरिकेतील यादवीमुळे दक्षिणेची बंदरे रोखली गेली होती, कापूस येईनासा झाला होता, गिरण्या बंद पडून लाखो माणसे धर्मादाय मदतीवर दिवस कंठीत होती. आणि ज्या नाकेबंदीने आपल्या चुली विझवल्या तिच्याविरुद्ध अवाक्षर न काढता, गुलामगिरी समूळ नष्ट व्हावी, असे त्या सभेतील मजुरांनी लिंकनला कळविले. लँकेशायरात सर्वांचेच मत असे नव्हते, हे खरे. पण त्याच दुर्भिक्षाने मुंबईच्या पेढ्यांवर सोन्याचा पाऊस पाडला व शेअरांचे वेड माजविले, हे आठवले म्हणजे त्या उपाशी माणसांच्या निश्चयाचे मोल अधिकच कळते.

लिंकनने १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना उत्तर धाडले. ब्रेझनोझ स्ट्रीटच्या एका लहानशा चौकात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. चेहरा ओढलेला, शेतकऱ्याचे असावेत तसे मोठे हात पोटाशी एकावर एक धरलेले, आणि खालच्या दगडावर त्या पत्रातील मजकूर कोरलेला. फुटबॉलचा सामना पाहण्यासाठी का होईना, कोणी वाचक मँचेस्टरला गेलाच, तर त्याने अर्धा तास काढून तो मजकूर सावकाश वाचावा.